आजोळी वाढणारी मुले आणि दारात येणारा कार्यकर्ता

आपल्या पेडणे-डिचोलीत "तो आजोळी वाढला" असे कुणाबद्दल म्हटले, की पुढे कुणी फारसे विचारत नाही. आई लवकर गेली असेल, बाप आजारी असेल, दोघे कामासाठी आखातात किंवा बोटीवर असतील, नाहीतर घरात दारू शिरली असेल. मूल आजीकडे, मामाकडे, आत्याकडे किंवा थोरल्या काकांकडे राहिले, तिथल्याच शाळेत गेले, मोठे झाले. चार तांदूळ जास्त शिजले, एवढाच फरक. कोणी त्याला योजना म्हटले नाही, की अर्ज केला नाही.

आजही आपल्या मंडळाच्या घरांत अशी मुले आहेत. फरक पडला आहे तो बाहेरच्या जगात. शाळा पालकाची सही मागते, बँक पालकाचे आधार कार्ड मागते, इस्पितळात शस्त्रक्रियेच्या कागदावर "नाते काय?" असा रकाना असतो. दुसरीकडे, अशा मुलांसाठी सरकारने एक यंत्रणा उभी केली आहे: समिती, कक्ष, अधिकारी आणि घरी येऊन चौकशी करणारे कार्यकर्ते. ही यंत्रणा आणि आपली घरे यांची गाठ मात्र नीट पडलेली नाही. कार्यकर्ता दारात आला, की आजीला वाटते, "हे मुलाला मेरशीच्या 'अपना घर'मध्ये नेणार." कार्यकर्त्याला वाटते, "या घरात मूल खरेच नीट आहे का? उद्या काही झाले तर जबाब मला द्यावा लागेल." दोघेही आपापल्या भीतीपोटी कमी बोलतात. त्यात मुलाची मिळण्यासारखी मदत राहून जाते.

म्हणून हा लेख. नात्यातल्या सांभाळाबद्दल कायदा काय म्हणतो, कोणती मदत मिळू शकते, घरी येणाऱ्या कार्यकर्त्याला कोणते शिक्षण मिळाले पाहिजे आणि आपण त्याच्याशी कसे वागावे, हे आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

नात्यातला सांभाळ म्हणजे काय

आई-बाप नसताना, किंवा असूनही सांभाळू शकत नसताना, मुलाला त्याच्याच विस्तारित कुटुंबात किंवा मुलाच्या ओळखीच्या जवळच्या घरोब्यात वाढवणे, म्हणजे नात्यातला सांभाळ. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत या सांभाळाची व्याख्या अशीच आहे, आणि तो सरकारी आदेशाने झालेला असो वा घरच्यांनी आपसांत ठरवलेला, दोन्ही त्यात धरले आहेत.

यामागे अनुभव आहे तसा अभ्यासही आहे. नातलगांकडे वाढलेली मुले आणि परक्या प्रतिपालक कुटुंबांत वाढलेली मुले यांची तुलना करणाऱ्या शंभराहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नातलगांकडची मुले वागणुकीत आणि मानसिक आरोग्यात बरी राहतात आणि त्यांना एका घरातून दुसऱ्या घरात कमी वेळा हलवावे लागते, असे त्यात दिसले. हे अभ्यास बहुतेक परदेशातले आहेत. पण आपल्या आजी-आजोबांना त्यातले काही नवीन वाटणार नाही. मुलाला घराचा वास ओळखीचा असतो, चवथीला आपल्याच गणपतीसमोर बसायला मिळते, आईबद्दल बोलायला आईलाच ओळखणारे माणूस असते.

गोव्यातली जुनी वाट

अनाथ मुलाबद्दल नातलगांनी एकत्र बसून ठरवायचे, ही कल्पना गोव्याच्या कायद्यालाही नवी नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यात अल्पवयीन मुलाच्या पालकत्वासाठी 'कुटुंब परिषद' सांगितली होती: जवळचे पाच नातलग, तीन बापाच्या बाजूचे आणि दोन आईच्या बाजूचे. पालक एका बाजूचा नेमला, तर त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसऱ्या बाजूचा घ्यावा, अशी रचना होती. यामागचा विचार सरळ आहे. मूल दोन्ही घराण्यांचे असते. एकाच बाजूच्या हातात मूल आणि त्याची मालमत्ता दोन्ही दिली, तर विचारणारे कुणी राहत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडने १९८९ मध्ये मुलांसाठी नवा कायदा केला. मावरी समाजाच्या रीतीवरून त्यात 'कुटुंब बैठक' आणली. मुलाबद्दल सरकारी निर्णय होण्यापूर्वी दोन्हीकडचे नातलग एकत्र बसतात, अधिकारी त्यांना माहिती देतो आणि मग काही वेळ खोलीबाहेर जातो, म्हणजे घरचे मोकळेपणी बोलून आपला आराखडा ठरवू शकतात. आज बऱ्याच देशांत ही पद्धत वापरली जाते. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना ती शिकवायची तर फार लांब जायला नको. पेडण्यातल्या कुठल्याही घरात एखादी अडचण आली, की मामा, काका, आत्या ओटीवर बसतातच. त्या बैठकीला मुलाच्या हिताची दिशा देणे, एवढेच शिकायचे आहे.

आजचा कायदा आणि त्यातली माणसे

देशभर लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो जानेवारी २०१६ पासून अमलात आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्याच्या मूळ तत्त्वांतली दोन आपण लक्षात ठेवावीत. मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे, हे एक. आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय, हे दुसरे. म्हणजे "ते मुलाला नेणार" ही जी भीती आपल्या मनात असते, तिच्या उलट दिशेने कायदा उभा आहे.

या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते: एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला आणि मुलांच्या प्रश्नांचा एक जाणकार असावा लागतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दल निर्णय ही समिती घेते. ती मुलाला कुटुंबाकडे परत देऊ शकते, आणि तसे देताना कार्यकर्त्याची देखरेख ठेवू शकते किंवा ठेवणार नाही. योग्य व्यक्तीकडे मूल सोपवणे आणि आर्थिक साहाय्याचा आदेश देणे हेही तिच्या हातात असते. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि मूल समितीसमोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे कायद्यात आहे.

समितीचे हातपाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. गोव्यात हे काम महिला व बाल विकास संचालनालयाच्या अखत्यारीत चालते. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर गोवा जिल्ह्यात येतात. कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, समाजसेवक आणि गावोगाव फिरणारे क्षेत्र कार्यकर्ते असतात. आपल्या दारात येणारा माणूस बहुधा यांपैकी एक असतो. त्याच्या हातातला लांबलचक अर्ज म्हणजे सामाजिक चौकशी अहवाल. समिती मुलाला पाहण्याआधी तो कागद पाहते. म्हणून तो कोणी, कसा आणि काय विचारून भरला, यावर मुलाचे बरेच काही ठरते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आजीने नातवाला सांभाळणे हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. घरात सगळे सुरळीत असेल तर समितीकडे जायलाच हवे असेही नाही. पण मदत हवी असेल, वाद असेल किंवा मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर ही वाट आहे.

पैशांची मदत

सांभाळणाऱ्या नातलगाच्या सर्वांत कामी येते ते प्रायोजकत्व. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. पात्रतेच्या यादीत अनाथ असून विस्तारित कुटुंबात राहणारे मूल स्पष्टपणे लिहिलेले आहे. विधवा, घटस्फोटित किंवा सोडून दिलेल्या आईची मुले आणि ज्यांच्या आई-बापांना जीवघेणा आजार आहे किंवा अपंगत्वामुळे सांभाळणे शक्य नाही, अशी मुलेही त्यात येतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये आणि इतर भागांत ९६,००० रुपये आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. मग घरभेट होते, समितीची शिफारस लागते, मंजुरी समिती प्रकरण पाहते आणि रक्कम बँक खात्यात येते. मुलाची शाळेतली हजेरी पाहिली जाते.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजना जाहीर झाली. त्यात वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या नात्यात असे मूल असेल, त्याचे नाव तेव्हा नोंदले असेल, तर त्याचे कागद जपून ठेवा. त्या मुलाला ते मोठेपणी लागणार आहेत.

शेजारच्या महाराष्ट्रात याच कामासाठी बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तिची रक्कम दरमहा ४२५ रुपयांवरून २०२१ मध्ये १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. सिंधुदुर्गात आजोळ असलेल्या कुटुंबांनी हे माहीत करून घ्यावे.

दत्तक ही वाट वेगळी. बाल न्याय कायद्याखाली नात्यातले दत्तकही होते. त्यासाठी काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा हे 'नातलग' धरले आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. पण दत्तकाने जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते. आई बरी होऊन परत येईल, बाप सुटून येईल अशी आशा असेल, तर घाईने दत्तकाकडे वळण्यापूर्वी कायद्याचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते.

कार्यकर्त्याला काय शिकवले पाहिजे

बाल न्याय कायद्याच्या नियमांत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सचा 'संवाद' हा उपक्रम केंद्रीय मंत्रालयाच्या पाठबळाने देशभरच्या बाल संरक्षण कर्मचाऱ्यांना संकटातल्या मुलांच्या मानसिक गरजा समजून काम करायला शिकवतो. म्हणजे शिकवणारे आहेत. आमचा मुद्दा असा, की पेडणे-डिचोलीत येणाऱ्या कार्यकर्त्याला कलमांबरोबर इथले घरही शिकवले पाहिजे. आमच्या मते त्यात पुढच्या गोष्टी याव्यात.

*पहिली, नात्यांचा नकाशा काढणे.* अर्जात 'पालकाचे नाव' एवढाच रकाना असतो. शिकलेला कार्यकर्ता कोऱ्या कागदावर मुलाला मध्ये ठेवून चारी बाजूंना नाती लिहितो: बापाकडची, आईकडची, मानलेली, शेजारची. कोण किती लांब राहते, कोण फोन करते, कुणाशी अबोला आहे, चवथीला मूल कुठे जाते, भाऊबीजेला कोण येते. यातून दोन गोष्टी कळतात. आज सांभाळणारी आजी आजारी पडली तर उद्या कोण, हे आधीच दिसते. आणि भावंडांना वेगळे न करता एकत्र ठेवता येईल असे घर कुठे आहे, तेही सापडते. आईकडची बाजू पुष्कळदा कागदावर येतच नाही, कारण ती दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या राज्यात असते. ती मुद्दाम विचारावी लागते.

*दुसरी, प्रश्न विचारण्याची रीत.* समजा, पेडण्यातल्या एका वाड्यावर अडुसष्ट वर्षांची आजी तेरा वर्षांच्या नातीला आणि नऊ वर्षांच्या नातवाला सांभाळते आहे. तिची मुलगी, म्हणजे मुलांची आई, वर्षापूर्वी गेली. कार्यकर्ता ओटीवर बसून विचारतो, "आजी, या वयात तुम्हाला जमतं का?" आजीला यात एकच ऐकू येते: जमत नाही म्हटले तर मुले जातील. ती म्हणणार, "सगळं बरं आहे." आणि संवाद संपला. तोच कार्यकर्ता जर म्हणाला, "आजी, रात्री तुम्हाला बरं नसलं तर मुलांजवळ कोण येतं?" तर ती शेजारणीचे नाव सांगेल, किंवा कुणीच येत नाही हे सांगेल. "खर्च कसा भागतो?" याऐवजी "शाळा सुरू होताना सगळ्यात जड काय गेलं?" असे विचारले, तर वह्या, गणवेश, गाडीभाडे, एकेक बाहेर येते. "मुले त्रास देतात का?" याऐवजी "धाकटा आईची आठवण काढतो तेव्हा तुम्ही काय करता?" असे विचारले, तर कदाचित आजी स्वतःच रडेल. ते रडणेही चौकशीचा भाग आहे.

*तिसरी, सांभाळणाऱ्याचे दुःख ओळखणे.* परका प्रतिपालक मनाची तयारी करून मूल घरी आणतो. नातलगाच्या दारात मूल बहुधा एका रात्रीत येते. त्याच रात्री त्या घरातही कुणीतरी गेलेले असते. आजीने मुलगी गमावलेली असते, मामाने बहीण. ते मुलाचे अश्रू पुसतात आणि आपले मागे ठेवतात. मामीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या घरात दोन मुले होती, आता चार झाली, आणि तिला कुणी विचारलेही नाही. तिची स्वतःची मुले म्हणतात, "त्यालाच जास्त देतेस." कार्यकर्त्याने मामीशी स्वयंपाकघरात वेगळे दहा मिनिटे बोलले पाहिजे, आणि त्या घरच्या मुलांशीही. पुष्कळ घरे मोडतात ती पैशांपेक्षा या न बोललेल्या गोष्टींनी.

*चौथी, जिवंत आई-बापांशी वागणे.* नात्यातल्या सांभाळात आई-बाप पूर्ण दूर नसतात. व्यसनमुक्तीला गेलेला बाप सणाला दारात उभा राहतो. आजीसाठी तो जावई किंवा पोटचा मुलगा असतो. त्याला "येऊ नको" म्हणणे तिला जड जाते. भेट कधी, कुठे, कुणाच्या समोर, प्यायलेला असला तर काय करायचे, हे आधी ठरवून लिहून ठेवले, तर आजीला वाईटपणा घ्यावा लागत नाही. ती म्हणू शकते, "कार्यकर्त्यांनी असं ठरवून दिलंय." ही आडोशाची भिंत बांधून देणे, हे चांगल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

*पाचवी, घरभेटीची लाज राखणे.* वाड्यावर सरकारी गाडी थांबली, की संध्याकाळपर्यंत गावात बातमी होते. मुलाला शाळेत वर्गातून बोलावून घेतले, तर दुसऱ्या दिवशी तो शाळेत जायला मागत नाही. आधी फोन करावा, पेरणी-कापणीच्या घाईत किंवा बाजाराच्या दिवशी जाऊ नये, घरच्यांच्या बोलीत बोलावे, मुलाशी एकट्याने पण नजरेच्या टप्प्यात बोलावे, आणि निघताना पुढे काय होणार ते सांगून जावे. अंगणवाडी सेविकेला वाड्यावरचे घरन्‌घर माहीत असते. तिच्याबरोबर गेलेला कार्यकर्ता अर्धा परका राहत नाही.

*सहावी, इथल्या पोटापाण्याची माहिती.* डिचोली हा खाणपट्टा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक, यंत्रे, गॅरेज, खानावळी यांवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न थांबले. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. विमानतळ असो वा किनाऱ्यावरची हॉटेले, तिथे काम पाळीने चालते. मामा रात्रपाळीला असेल तर "पालक घरी नव्हते" हा अहवालातला शेरा खरा असूनही चुकीचा ठरतो. शिवाय आपल्या तालुक्यांत बाहेरून कामाला आलेल्यांची मुलेही आहेत. त्यांचे आजी-आजोबा शेकडो मैलांवर असतात, भाषा वेगळी असते. त्यांचा नातेनकाशा काढणे जास्त कष्टाचे, पण त्यांना त्याची गरजही तितकीच.

नाते आहे म्हणून सुरक्षा आहेच असे नाही

हे लिहायला जड जाते, पण लिहिले पाहिजे. मुलांवरचे अत्याचार अनेकदा ओळखीच्या माणसांकडूनच होतात, आणि ओळखीत नाते येते. आजोळी आणलेली मुलगी शाळा सोडून घरकामाला जुंपली जाते, असेही घडते. म्हणून नातलगाचे घर आहे एवढ्यावर कार्यकर्त्याने अर्ज मिटता कामा नये, आणि आपणही "घरचीच गोष्ट" म्हणून गप्प राहता कामा नये.

मूल एकाएकी गप्प झाले, एका ठरावीक माणसासमोर घाबरते, शाळा वारंवार चुकवते, घरातल्या इतर मुलांपेक्षा त्याचे कपडे, जेवण, झोपायची जागा वेगळी आहे, या खुणा शिकवल्या पाहिजेत. गोव्याने २००३ मध्येच स्वतंत्र बाल कायदा केला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळे बाल न्यायालय उभारले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शेजारी आणि नातलगही त्यातून सुटत नाहीत.

दुसरा धोका मालमत्तेचा. गोव्याच्या वारसा कायद्यात मुले ही सक्तीची वारस आहेत. आई-बापांना मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेची इच्छेप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेल्या अर्ध्यावर सक्तीच्या वारसांचा हक्क राहतो. म्हणजे अनाथ मुलाच्या नावे घर, बागायत, जमिनीचा हिस्सा असू शकतो. बहुतेक नातलग तो जपतात. पण "मूल आमच्याकडे, म्हणजे हिस्साही आमच्याकडे" असे कुणी धरून चालले, तर सांभाळाला वेगळा रंग येतो. कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारायला लाजू नये आणि घरच्यांनी तो अपमान समजू नये. मुलाचा हिस्सा कागदावर स्पष्ट असला, तर प्रामाणिक मामावरही उद्या कुणी बोट ठेवणार नाही. जुन्या कुटुंब परिषदेत दोन्ही बाजूंची माणसे घेत, त्यातले शहाणपण हेच.

सीमेपलीकडचे आजोळ

आपल्या कित्येक घरांच्या सुना सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या, आणि आपल्या मुली तिकडे दिलेल्या. आपल्याला हे एकच गणगोत. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, जिल्हा बदलतो, समिती बदलते, योजनाही बदलते. डिचोलीतले मूल दोडामार्गात मामाकडे गेले, की गोव्याचा कार्यकर्ता म्हणतो, "आता ते आमच्याकडे नाही," आणि तिकडच्यांना ते आले आहे हेच माहीत नसते.

मुलाचे घर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल, तर त्याचे प्रकरण तिथल्या समितीकडे वर्ग करण्याची तरतूद कायद्यात आहे. उत्तर गोवा आणि सिंधुदुर्गच्या कार्यकर्त्यांनी वर्षातून एकदा जरी एकत्र प्रशिक्षण घेतले, एकमेकांचे फोन क्रमांक आणि अर्ज ओळखीचे केले, तर अशी मुले मध्येच हरवणार नाहीत. शाळेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगायला आपण कचरू नये.

आपण काय करावे

प्रशिक्षण सरकारने द्यायचे असले, तरी आपल्या हातात बरेच आहे.

मूल सांभाळणाऱ्या घराने एक फाईल करावी: मुलाचा जन्मदाखला, आई-बापांचे मृत्युदाखले किंवा आजाराचे कागद, आधार, रेशनकार्ड, शाळेचे प्रगतिपुस्तक, लसीकरणाचे कार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला. कार्यकर्ता आला की ती समोर ठेवावी. अर्धा संशय तिथेच मिटतो. कार्यकर्त्याचे नाव, हुद्दा आणि कार्यालय विचारून लिहून ठेवावे. तो आपला हक्क आहे. जे जमत नाही ते सांगावे. अडचण सांगितली म्हणून मूल जात नाही. ती कळलीच नाही, तर मदत मात्र पोहोचत नाही. आणि मुलाला, त्याला समजेल अशा शब्दांत, काय चालले आहे ते सांगावे. कायदाही म्हणतो, की मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे.

शेजारी आणि नातलग म्हणून आपण आठवड्यातून एक संध्याकाळ त्या आजीची मुले आपल्याकडे अभ्यासाला बसवू शकतो. मामीला एक दिवस माहेरी जाऊ देऊ शकतो. सहलीच्या, मुंजीच्या, लग्नाच्या खर्चात त्या मुलाला आपल्यांत धरू शकतो. दयेची भाषा मात्र टाळावी. "बिचारा" हा शब्द मुलाच्या कानावर रोज पडला, की ते स्वतःलाही तसेच समजू लागते.

मंडळ म्हणून आम्ही आपल्या वार्षिक मेळाव्यात या विषयाला एक सत्र द्यावे असे सुचवतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कर्मचाऱ्यांना आणि अंगणवाडी सेविकांना बोलवावे. आणि त्या दिवशी शिकवणाऱ्यांच्या जागी आपल्या आज्या, मामा-माम्या यांना बसवावे. नातवंडांना वाढवताना त्यांना काय कळले, ते कुठल्याही पुस्तकातून कार्यकर्त्याला मिळणार नाही. त्या बदल्यात कार्यकर्त्यांनी अर्ज कसा भरायचा ते तिथल्या तिथे शिकवावे. दोघांनी एकमेकांना एकदा चहाच्या कपावर पाहिले, की पुढच्या घरभेटीत दार अर्धे उघडून बोलायची वेळ येणार नाही.

मूल संकटात दिसले, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तातडीच्या वेळी ११२ आहेच. आपल्या घरात, वाड्यावर, नात्यात असे मूल असेल आणि कोणता कागद कुठे द्यायचा हे कळत नसेल, तर मंडळाच्या कार्यकारिणीतल्या कुणालाही सांगा. नाव बाहेर जाणार नाही. सोबत कार्यालयापर्यंत यायला आपल्यातले कुणीतरी नक्की मिळेल.